‘तू’ म्हणजे कोण, याचा खुलासा

कविता करणं हा काही गुन्हा नाही. पाणीपुरवठा कार्यालयात नोकरी करणं हाही गुन्हा नाही. पण एकाच माणसाने ही दोन्ही कामं केली तर त्याचं काय करायचं, हे नियमांच्या पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि पुढचा सगळा घोळ त्या न लिहिलेल्या नियमानेच घातला.

ज्याने ही दोन्ही कामं केली त्याचं टोपणनाव ‘निर्झर’. हे नाव त्याने स्वतःच, आरशासमोर उभं राहून, स्वतःला दिलं होतं. कार्यालयात तो टंचाईच्या टेबलावर बसायचा, म्हणून तिथे सगळे त्याला ‘टंचाई’ म्हणायचे. “काय टंचाई, चहाला येतोस ना?” अशी हाक आली की निर्झर मुकाट्याने उठायचा. त्याला निर्झर म्हणणारा जगात एकच माणूस होता आणि तो आरशात राहायचा.

टंचाईच्या टेबलाचं काम तसं सोपं. नळाला पाणी येणार नसलं की तशी सूचना लिहायची, आणि पाण्याची गाडी कुठल्या भागात कुठल्या दिवशी येईल तेही लिहायचं. मात्र लिहायचं असं, की पाणी नाही हे लोकांना कळावं, पण गाडी नेमकी कधी हे कळू नये. कारण कळलं तर लोक त्या दिवशी फोन करतात. या कामात निर्झरचा हात धरणारा कोणी नव्हता. ‘मागील सूचनेत नमूद केलेल्या दिवसाऐवजी, तो दिवस वगळून, लगतच्या अनुज्ञेय दिवशी गाडी पाठविण्याचे योजिले असून नागरिकांनी त्याप्रमाणे नोंद घ्यावी,’ असं वाक्य तो चहाचा घोट घेता घेता लिहायचा. साहेब ते दोनदा वाचायचे आणि म्हणायचे, “वा! काही म्हणजे काही कळलं नाही!” त्याच्या कविता वाचून बायको अगदी हेच म्हणायची, फक्त ‘वा’ गाळून.

नोकरी सांभाळून कविता करायची म्हणजे सगळीकडून ओढाताण. सकाळी दाढी करताना पहिली ओळ सुचायची, बसमध्ये दुसरी, आणि कार्यालयाच्या पायऱ्या चढेपर्यंत दोन्ही पार गुल व्हायच्या. मग जेवणाच्या सुट्टीत जुन्या सूचनांच्या पाठकोऱ्या कागदांवर तो त्या आठवून आठवून उतरवायचा. पाठकोरा कागद ही मोठी भानगडीची वस्तू. मागच्या बाजूची भाषा पुढे झिरपते. एकदा ‘सदर डोळ्यांत उपरोक्त स्वप्ने’ अशी ओळ त्याच्या हातून उतरली आणि गंमत म्हणजे बरेच दिवस त्याला ती आवडतही राहिली. एकदा याच्या उलट झालं. ‘कमी दाबाने पाणी येईल’ याऐवजी ‘मंद मंद पाउली पाणी येईल’ अशी सूचना भर चौकात लागली. साहेबांनी बोलावून विचारलं, “ही पाउली म्हणजे किती इंची?”

पण त्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. शहरातल्या प्रत्येक कविसंमेलनाच्या पत्रिकेत त्याचं नाव छापलं जायचं ते ‘नवोदित कवी निर्झर’ असं. त्याच्याबरोबरचे नवोदित केव्हाच नुसते कवी झाले, काही ज्येष्ठ झाले, एक-दोघे तर स्मृतिदिनाला लागले. याच्या कानावरचे केस पांढरे झाले, वाचायला चष्मा लागला, तरी हा नवोदितच. सूर्यसुद्धा उगवल्यावर फार वेळ नवोदित राहत नाही. पत्रिका हातात आली की तो अंगठ्याने तो शब्द झाकायचा आणि उरलेलं वाचायचा. तेवढं उरलेलं त्याला हवं होतं, दुसरं काही नाही.

आणि अखेर ते जमत आलं. संमेलन भरवायचे ते खुर्चीवाले. त्यांचा धंदा खुर्च्या भाड्याने देण्याचा. गिऱ्हाईक नसलेल्या दिवसांत खुर्च्या गोदामात धूळ खात पडण्यापेक्षा त्यांच्यावर कोणीतरी बसलेलं बरं, इतक्या निर्मळ हेतूने ते साहित्याची सेवा करायचे.

“यंदा तुम्हाला मुख्य सत्रात घेतो,” ते निर्झरला म्हणाले. “पत्रिकेत नुसतं ‘कवी निर्झर’. नवोदित उडवून टाकू. अट एकच. श्रोते आपापले घरून आणायचे.”

त्या दिवशी बसने घरी येताना निर्झरने एका धडधाकट माणसाला उठून जागा दिली.

मुख्य सत्रासाठी त्याने निवडली ‘प्रतीक्षा’. ही त्याची सर्वांत लाडकी कविता. “सुट्टीचा दिवस होता, दारात उभा होतो, आणि आली! मी फक्त लिहून घेतली,” असं तो डोळे अर्धवट मिटून सांगायचा. दारात कशाला उभा होतास, असं कोणी विचारलं नाही. प्रेमकविता करणाऱ्याला असले प्रश्न विचारायचे नसतात. कविता अशी होती:

उंबऱ्याशी थांबलो मी, दार उघडे ठेवले
तू न आलिस, कोरड्या या अंगणाने पाहिले
ओठ सुकले, वाट बघुनी शीण आला लोचनां
आज नाही, काल नाही, सांग ना, येशील का?

ती त्याने पहिल्यांदा ऐकवली समोरच्या दारातल्या काकांना. काका वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात तागड्या तपासण्यात गेली, त्यामुळे कविता ऐकतानाही त्यांची नजर काटा कुठे हलतो यावर.

“‘आलीस’मधली ली दीर्घ आहे. तुम्ही ऱ्हस्व केलीत,” काका म्हणाले.

“वृत्तात बसवण्यासाठी करावी लागते, काका.”

“म्हणजे माप मारलंत. आमच्या वेळी यावर दंड होता.” मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “परवानगी घेतलीत का?”

“कसली?”

“अहो, सरकारी नोकर ना तुम्ही? जाहीर मंचावरून तोंड उघडायचं तर कार्यालयाची लेखी ना-हरकत नको? आमच्याकडे एकाने न विचारता बासरी वाजवली होती. पुतण्याच्या लग्नात! निवृत्तीपर्यंत चौकशी चालली बिचाऱ्याची. निवृत्तीच्या समारंभात हार घातला तोही चौकशीच्या अधीन राहून.”

आता, हा सल्ला निर्झरने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळे सुखी झाले असते. कोणालाही काही कळलं नसतं. त्याच्या कवितांच्या बाबतीत ते तसंही कळत नव्हतं. पण सूचना लिहिणाऱ्या माणसाला सूचना मोडवत नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने रीतसर अर्ज केला आणि सोबत कविता जोडली.

आवक-जावकच्या टेबलावरच्या बाई कागद हातात घेऊन विचारात पडल्या.

“विषय काय टाकू?”

“कविता.”

“कविता असा विषयच नाहीये. गळती आहे, नवीन जोडणी आहे, तक्रार आहे. यातलं काय ते सांगा.”

“बाई, हे भावनेचं…”

“मग गळतीत टाकू का?”

“नको!”

बाईंनी चष्मा वर सारला, कविता शेवटापर्यंत वाचली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “हे बघा, शेवटी प्रश्नचिन्ह आहे की! प्रश्नचिन्ह असलेला कागद तक्रारीतच जातो.” आणि त्यांनी शिक्का मारला. तो इतका जोरात बसला की ‘लोचनां’वरचा अनुस्वार त्यात कायमचा बुडाला.

तक्रार म्हटल्यावर तिच्या मागोमाग जे व्हायचं ते झालंच. हाताखालच्या अभियंत्याला स्थळपाहणीचा हुकूम गेला. तो दुपारी दाब मोजायचं घड्याळ घेऊन निर्झरच्या घरी हजर. निर्झर कार्यालयात, दार उघडलं बायकोने. ती शाळेत शिकवायची. सकाळची शाळा संपवून नुकतीच घरी आली होती.

“तुमच्याकडून तक्रार आहे,” अभियंता म्हणाला, आणि त्याने खालमानेने वाचून दाखवलं, “‘ओठ सुकले, वाट बघुनी शीण आला.’ अंगण कुठे आहे?”

“अंगण? तिसऱ्या मजल्यावर?”

“कोरडं असल्याचं लिहिलंय.”

“अहो, जे नाहीच ते ओलं कुठून असणार?” असं म्हणून तिने त्याला बसवलं, चहा दिला आणि संध्याकाळी नवऱ्याला फैलावर घेतलं. पाहणीचा अहवाल मात्र चोख होता: ‘जागेवर अंगण आढळून आले नाही. उंबरा आढळला. दार उघडे ठेवल्याच्या खुणा दिसून आल्या नाहीत. तक्रारदार हजर नसल्याने ओठांची पाहणी होऊ शकली नाही.’

अहवालासकट कविता पोचली विधी अधिकाऱ्याकडे. हा माणूस बोलायला अगदी गोड. त्याने निर्झरला समोर बसवलं, कवितेवर पेन्सिलीने एक गोल केला आणि तो कागद त्याच्यापुढे सरकवला. गोलात एकच अक्षर होतं: तू.

“ही कोण?”

“कोण म्हणजे? ती. प्रेयसी.”

“असं तुम्ही म्हणता. आता मी वाचतो. माणूस दार उघडं ठेवून उंबऱ्याशी उभा आहे. जी यायची ती येत नाही. सगळं कोरडं आहे. ओठ सुकलेत. काल आली नाही, आज आली नाही, कधी येणार कोणी सांगत नाही.” त्याने पेन्सिल खाली ठेवली. “आता तुम्हीच सांगा, टंचाईच्या टेबलावरचा माणूस असं लिहितो तेव्हा ती कोण?”

निर्झर खुर्चीतून अर्धा उठला. “पाणी? नाही हो साहेब, पाणी तर ते असतं. ही ती आहे!”

“पाणी ते, टँकर तो. पण गाडी?” विधी अधिकारी प्रेमाने हसला. “गाडी ती. पाण्याची गाडी वेळेवर येत नाही, असा आपल्याच कार्यालयावर भर मंचावरून आरोप. तोही वृत्तात.”

इतकी वर्षं या माणसाच्या कवितेत कोणी अर्थ शोधला नव्हता. पहिल्यांदा कोणी शोधला, तर तो सापडला आणि नोकरीवर उठला. निर्झर तावातावाने सांगत राहिला की ही विरहाची कविता आहे, आर्त आहे, हिच्यात पाण्याचा थेंब नाही. “थेंब नाही, हाच तर मुद्दा आहे,” विधी अधिकारी म्हणाला. शेवटी त्याने तोड काढली. ‘तू’ ही कोणी स्त्री असेल तर तसा लेखी खुलासा द्यावा, आणि त्या स्त्रीने ‘ती मीच’ म्हणून सही करावी. म्हणजे ना-हरकतीला हरकत नाही.

आता ही बाई आणायची कुठून? खरं सांगायचं तर निर्झरच्या आयुष्यात अशी न येणारी कोणी नव्हतीच. होती ती एक बायको, आणि ती रोज ठरल्या वेळी येत होती. तिच्यावर विरहाची कविता करायला तिने कधी वावच दिला नव्हता. पण संमेलन तोंडावर आलं होतं. पत्रिका छापायला जायची होती आणि खुर्चीवाले रोज फोन करून “नाव ठेवू की काढू?” विचारत होते. ते ‘काढू’ ऐकलं की निर्झरला पुन्हा तो नवोदित दिसायचा, दात विचकत उभा.

संध्याकाळी बायको उत्तरपत्रिका तपासत बसली होती. तो समोर जाऊन उगाच घसा खाकरत उभा राहिला.

“अगं, एक सही हवी होती.”

“कशावर?”

“तू ‘तू’ आहेस, असं.”

तिने लाल पेन खाली ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे तुम्ही माझी वाट बघत उंबऱ्याशी उभे होतात? मी भाजी घेऊन जिना चढून येते, तर खुर्चीतून ‘आलीस का?’ एवढंच ऐकू येतं मला.”

“कवितेत थोडं वाढवून लिहावं लागतं.”

“आणि मी आले नाही, हे कधीचं? आजवर एकदा तरी उशीर केलाय मी?”

“अगं, ते प्रतीकात्मक आहे!”

“असू दे प्रतीकात्मक. लोक मला नावं ठेवतील ना.” मग तिने कधी न केलेली गोष्ट केली. “वाचा बरं एकदा. सगळी वाचा.”

लग्नानंतर पहिल्यांदाच बायको त्याची कविता ऐकायला मांडी ठोकून बसली होती. त्याने चारही ओळी डोळे मिटून, हात पसरून म्हटल्या. डोळे उघडले तेव्हा बायकोचा चेहरा मऊ झाला होता.

“छान आहे,” ती म्हणाली. “मला वाटलं पाण्यावर आहे. पण माझ्यावर असेल तर छानच आहे.”

पहिलं आणि तिसरं वाक्य त्याने जपून ठेवलं, मधलं गिळलं. तिने सही केली. वर शिक्षिकाच ती, समासात स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात एक ओळही घातली: ‘तथापि मी वेळेवरच येते.’

साहेबांनी परवानगी दिली, पण देता देता एक पाचर मारली. कविता म्हणण्याआधी खुलासा मंचावरून अक्षरशः वाचून दाखवायचा. एक शब्द गाळायचा नाही. खुलाशाचा मसुदा अर्थातच विधी अधिकाऱ्याचा. वाचून निर्झरला भडभडून आलं. पण पत्रिका छापून आली होती आणि तिच्यात ‘कवी निर्झर’ असं ठसठशीत छापलं होतं. अंगठा न लावता वाचता येत होतं.

संमेलनाला सगळी इमारत लोटली. श्रोते घरून आणायचे होते ना! वजनमापवाले काका, बायकोच्या शाळेतल्या मैत्रिणी, वरच्या मजल्यावरचे, खालच्या मजल्यावरचे, सगळे. आता दैव म्हणा नाहीतर टंचाईचं टेबल म्हणा, नेमकं त्याच आठवड्यात इमारतीला पाणी नव्हतं. गाडी कधी येणार याची सूचना जिन्यात लागलेली होती. ती वाचून अर्धी इमारत काल रिकाम्या बादल्या घेऊन उभी राहिली, उरलेली अर्धी आज सकाळी. तीच माणसं आता खुर्चीवाल्यांच्या खुर्च्यांवर बसून जांभया देत होती, कारण आधीचे कवी चंद्राबद्दल बोलत होते.

निर्झर उभा राहिला. नवा सदरा, कडक इस्त्री. त्याने कागद उलगडला आणि सूचना लिहिणाऱ्या माणसाच्या गंभीर आवाजात वाचायला सुरुवात केली.

“खुलासा. प्रस्तुत कवितेतील ‘तू’ ही स्त्री असून ती कवीची विधिवत विवाहित पत्नी आहे.”

सभागृह थोडं सावरून बसलं.

“सदर ‘तू’चा पाण्याशी, पाण्याच्या गाडीशी, अथवा गाडी वेळेवर न येण्याशी काहीएक संबंध नाही.”

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

“कवितेतील कोरडेपणा हा सर्वस्वी वैयक्तिक स्वरूपाचा असून त्यास कार्यालय जबाबदार नाही. सदर ‘तू’ वेळेवरच येत असल्याचे तिने लेखी कळविले आहे. सबब नागरिकांनी कवितेचा कोणताही अर्थ काढू नये.”

छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. काका खुर्चीवरून घसरले. निर्झरला काहीच कळेना. त्याने घाईघाईने कविता सुरू केली, की निदान आता तरी लोक गंभीर होतील. ‘उंबऱ्याशी थांबलो मी’ म्हणताच एकजण ओरडला, “बादली घेऊन!” ‘तू न आलिस’ला टाळ्या पडल्या. ‘ओठ सुकले’ला पुढच्या रांगेतल्या बाई डोळे पुसत होत्या, पण रडण्याने नव्हे. आणि ‘आज नाही, काल नाही’ला अख्खं सभागृह त्याच्याबरोबर म्हणायला लागलं, “सांग ना, येशील का?” या शहरात असा गजर कुठल्याच प्रेमकवितेला झाला नव्हता.

“पुन्हा! पुन्हा!” लोक ओरडले.

निर्झरचे डोळे भरून आले. त्याने कविता पुन्हा उचलली. “उंबऱ्याशी…”

“ती नको हो!” मागून आवाज आला. “खुलासा! खुलासा पुन्हा वाचा!”

त्याने तो पुन्हा वाचला. तिसऱ्यांदाही वाचावा लागला. शेवटी खुर्चीवाल्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि माईकवर जाहीर केलं, “मंडळी, आजपासून आपले विनोदी कवी निर्झर!” नवोदित गेलं, आणि त्याच जागेवर तेवढ्याच लांबीरुंदीचं विनोदी येऊन बसलं.

पुढचे दिवस कठीण गेले. कार्यालयात सगळे विधी अधिकाऱ्याचं अभिनंदन करत होते. त्याला दुसऱ्या एका संमेलनाचं निमंत्रणही आलं, ‘ज्येष्ठ’ म्हणून. कार्यालयाच्या फाटकावर एक मोर्चा आला, तो रिकाम्या घागरी बडवत निर्झरची कविता म्हणत होता, आणि चोख वृत्तात म्हणत होता. आपली कविता शेकडो लोकांना तोंडपाठ असावी हे निर्झरचं जन्माचं स्वप्न. ते पुरं झालं तेव्हा तो खिडकीच्या पडद्यामागे लपून बसला होता.

साहेबांनी बोलावलं. या वेळी ते ‘वा’ म्हणाले नाहीत. “टंचाई, उद्या सुट्टी. परवा मला लेखी उत्तर हवंय. कविता पाण्यावर आहे की बायकोवर? एका वाक्यात. आणि तुमच्या नेहमीच्या भाषेत नको, वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.”

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो कोरा कागद घेऊन बसला. एका वाक्यात, आणि कळेल असं! हे त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. समोर बायको उत्तरपत्रिका तपासत होती. दार वाऱ्यासाठी उघडं होतं.

“त्यात काय विचार करायचा?” ती म्हणाली. “माझ्यावर आहे म्हणून लिहा.” आणि मान वर न करता पुढे म्हणाली, “लोक हसले त्या दिवशी. मला नाही हसू आलं. शाळेत सगळ्याजणी मला ‘तू आली, तू आली’ म्हणून चिडवतात. मला वाईट नाही वाटत. माझ्यासाठी कोणीतरी उंबऱ्यात उभं राहिलं, एवढं मला बरं वाटलं होतं.”

आता निर्झर मनाने वाईट माणूस नव्हता. कवी असला म्हणून काय झालं? ‘होय’ एवढा एक शब्द बोलला असता तर भागलं असतं. पण त्याची नजर उघड्या दाराकडे गेली, उंबऱ्याकडे गेली, आणि दाराशेजारी पालथ्या घातलेल्या बादलीकडे गेली. त्याला तो कविता आली तो दिवस आठवला. सगळाच्या सगळा आठवला. तो इतका पांढरा पडला की बायकोने पेन खाली ठेवलं.

“काय झालं?”

“त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं,” तो खोल आवाजात म्हणाला. “तू माहेरी गेली होतीस. मी बादली घेऊन दारात उभा होतो. सकाळपासून.”

“कशाला?”

“गाडी येणार होती.”

“मग?”

“आली नाही. आदल्या दिवशीही उभा होतो, तेव्हाही आली नाही. दोन्ही दिवस चुकीचे होते.”

“अहो, पण सूचना लागली असेल ना जिन्यात? वाचली नाहीत?”

“वाचली ना.” त्याने मान खाली घातली. “मीच लिहिली होती. मला कळली नाही.”

बायको त्याच्याकडे बघत राहिली. आधी तिला वाईट वाटलं. ते तिच्या चेहऱ्यावर अगदी स्पष्ट दिसलं, आणि निर्झरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिच्या डोक्यात हळूहळू दुसरंच काही उजाडलं.

“थांबा. म्हणजे ती मी नव्हतेच.”

“नव्हतीस.”

“आणि ‘ती मीच’ म्हणून सही केलीय मी. सरकारी कागदावर.” तिने कपाळाला हात लावला. “म्हणजे कायद्याने मी आता पाण्याची गाडी झाले!”

“अगं…”

“आणि वर लिहून दिलंय, वेळेवर येते म्हणून! लिहा आता. एका वाक्यात लिहा.”

त्याने लिहिलं: ‘कविता पाण्यावर आहे.’ नोकरीला लागल्यापासून त्याने लिहिलेलं हे पहिलं वाक्य, जे वाचून कोणालाही कळलं असतं. तो त्याखाली सही करणार, एवढ्यात खालच्या रस्त्यावरून भोंगा वाजला, जिन्यात दारं धडाधड उघडली, आणि काकांचा आवाज चारही मजले चिरत वर आला, “आली! आली!”

निर्झर पेन हातात धरून तसाच बसून राहिला. बायको उठली, दाराशेजारची बादली उचलून तिने त्याच्या मांडीवर आदळली आणि म्हणाली, “बसलात काय असे? उठा. तुमची ‘तू’ आली.”